मावशी ब्रेकवर पाय ठेवत नाही

माझी मावशी गाडी शिकवते ती मांडी घालून. शिकणारा माणूस जीव मुठीत धरून स्टिअरिंगला चिकटलेला असतो आणि ही बाजूच्या सीटवर चपला काढून, दोन्ही पाय वर घेऊन, घरी भाजी निवडायला बसावी तशी बसते. पट्टा लावते आणि एक हात हँडब्रेकवर ठेवते. बस, एवढंच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणसाने घोटाळा केला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. आमचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते तो दिवसभर दाबत असतात. मावशीला तो दाबायचा तर आधी मांडी मोडावी लागते, आणि तेवढ्यात शिकणाऱ्याचा स्वतःचा पाय हलतो.

पूर्वी ती अशी नव्हती. पूर्वी तीही ब्रेकवर पाय ठेवून बसायची, इतकी की सिनेमाला गेली तरी पडद्यावर गाडी आली की पुढच्या खुर्चीला लाथ बसायची. झोपेतसुद्धा तिचा उजवा पाय चालायचा. काका, म्हणजे तिचा नवरा, घड्याळं दुरुस्त करतो आणि कुणाला वाकडा शब्द बोलत नाही. त्याच्या नडगीवर कायम काळानिळा डाग असायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "टेबल लागलं."

मग औषधाच्या दुकानदाराचं ते प्रकरण झालं. मावशीचा अगदी लाडका विद्यार्थी, पहिल्या फटक्यात लायसन्स मिळवलं, नवी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी चौकात लाल दिवा बघून शांतपणे बसून राहिला. गाडी गेली ती थेट फर्निचरच्या दुकानात आणि एका तीन माणसांच्या सोफ्यावर जाऊन टेकली. कुणाला काही झालं नाही, सोफा सोडून. सगळे धावले, विचारलं, अहो ब्रेक का नाही दाबलात? तो बिचारा खरोखर गोंधळून म्हणाला, "पण लाल दिव्याला थांबायची की हो ती आपली आपण!"

आम्ही हसून हसून लोटपोट झालो. मावशी हसली नाही. "लायसन्स त्याला मिळालंच नव्हतं," ती म्हणाली, "माझ्या पायाला मिळालं होतं." दुसऱ्या दिवसापासून पाय वर. मास्तर म्हणाले, बाई, गाडी ठोकली तर? ती म्हणाली, माझ्या शेजारी ठोकली तर मी बघून घेईन, पण माझ्यामागे कुणी ठोकायला नको.

मी त्याच स्कूलमध्ये काउंटरवर बसते, त्यामुळे दोघांचंही शिकवणं रोज काचेतून दिसतं. मास्तरांची पद्धत जुनी आहे. हातात लाकडी फूटपट्टी, तोंडात आरडाओरडा. गिअर चुकला की बोटांच्या पेरांवर पट्टी, वळण चुकलं की आई-बापांचा उद्धार. मास्तरांचं म्हणणं असं की भीती बसली की माणूस विसरत नाही. मावशी स्वतः तरुणपणी त्यांच्याकडेच शिकली. ती म्हणते, "खरंय, भीती विसरत नाही. बाकीचं सगळं विसरतो." मला विचाराल तर मास्तरांना शिकवण्यापेक्षा ओरडण्याचीच जास्त आवड आहे. पण मी काउंटरवरची, मला विचारतं कोण.

अशात ती बेकरीवाली आली. तिशीची असेल, पीठ मळून मळून दंड पैलवानासारखे झालेले, आवाज मात्र इतका बारीक की पावतीसाठी नाव विचारायला मला काउंटरवर वाकावं लागलं. ती बेकरीत कामाला होती. तिथला व्हॅनवाला पुढच्या महिन्याच्या अखेरीला काम सोडून जाणार होता. मालकिणीने सांगितलं होतं, तोवर लायसन्स आण, व्हॅन तुझी. व्हॅनवाल्याला पहाटे निघावं लागतं म्हणून बेकरीच्या माडीवर एक खोली असते. तीही मिळणार होती. तिला व्हॅनपेक्षा ती खोली हवी होती. तिला आणि तिच्या सहा वर्षांच्या मुलीला, दोघींना. नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही आणि मी विचारलं नाही.

गाडी ती छान चालवायची. पीठ मळणाऱ्या हाताला स्टिअरिंग काय जड! मावशी मांडी घालून निवांत बसायची आणि ही वळणं अशी घ्यायची की डुलकी लागावी. आणि तरीही ती परीक्षेत तीनदा नापास झाली.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं, घाबरली असेल. दुसऱ्यांदा वाटलं, नशीब. तिसऱ्यांदा मावशी स्वतः मैदानाच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. परीक्षा घेणारे साहेब कानाने जरा कमी, म्हणून आवाजाने जास्त. मनाचे वाईट नाहीत, पण "डावीकडे घ्या" हेसुद्धा आग लागल्यासारखं सांगतात. मावशीने पाहिलं की साहेब ओरडले रे ओरडले, की बेकरीवालीचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उठत होते आणि डोक्यावर जात होते. मान खाली, कोपरं पुढे. गाडी आपली जाईल तिकडे.

मावशीने तिला ऑफिसात आणून बसवलं, चहा दिला आणि सरळ विचारलं, "मारतो का गं?"

"नाही हो मावशी," ती म्हणाली. "नुसता ओरडतो."

"आणि आधी?"

"आधी मारायचा. आता ओरडलं तरी भागतं."

हे तिने इतक्या सहज सांगितलं, दूध नासलं म्हणून सांगावं तसं. मावशीचा चेहरा लाल झाला. कपात चहा होता तो तिने प्यायलाच नाही.

मास्तर आतून ऐकत होते. बेकरीवाली गेल्यावर ते बाहेर आले आणि म्हणाले, हिला आता माझ्याकडे द्या, ओरडण्याची सवयच करून टाकतो, ठोकून ठोकून पक्की होईल. मावशी नको म्हणत असतानाही त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला गाडीत घातलं, कोपऱ्यापर्यंत ओरडत नेलं आणि कोपऱ्यावरून चालत परत आले. गाडी गटाराच्या कडेला, बेकरीवाली मांड्यांखाली हात दाबून रडत बसलेली. त्यानंतर तर तिचे हात नुसत्या दार आपटण्यानेही उठायला लागले.

"बघा," मास्तर म्हणाले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. या बाईला आता परत घ्यायचं नाही. स्कूलचं नाव खराब होतंय."

"खोड घेऊन कुणी जन्माला येत नाही, मास्तर," मावशी म्हणाली. "ती कुणीतरी लावलेली असते. लावता येते तर काढताही येते. मी शिकवणार तिला. माझ्या जेवणाच्या सुट्टीत."

"गाडी माझी आहे."

"आणि तिचा क्लच अजून जिवंत आहे तो माझ्यामुळे."

मास्तरांनी पट्टी टेबलावर आपटली. "ठीक आहे! पण चौथ्यांदा नापास झाली, तर तिच्याबरोबर तुम्हीही दुसरं काम बघायचं."

"बघते की. आणि पास झाली, तर ही पट्टी या टेबलावर ठेवायची आणि पुन्हा गाडीत न्यायची नाही."

मास्तर हसले. त्यांना वाटलं, आयता मोका मिळाला. मला वाटलं, मावशीचं डोकं फिरलं. महिना संपायला फार दिवस नव्हते, आणि काकाच्या घड्याळांवर दोघांचं पोट चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता मावशीने जे केलं त्याचं मूळ माझ्यात आहे. मी रांगत होते तेव्हा मिक्सर लागला की आकांत करायचे, घर डोक्यावर घ्यायचे. आई वैतागली होती. मावशीने मिक्सर उचलून पार मागच्या खोलीत नेला, दार लावलं, आणि तो तिकडे घरघरत असताना इकडे मला मांडीवर घेऊन बिस्किट भरवलं. मग दार उघडं ठेवून. मग मधल्या खोलीत. असं करत करत मिक्सर माझ्या समोर आला आणि मी त्याच्याकडे बघून हात पुढे केला. आजही मिक्सर लागला की मला काहीतरी गोड खावंसं वाटतं, हे माझ्याकडे बघितलं की कुणालाही पटेल.

तर मावशीने बेकरीवालीला सांगितलं, "मी तुझ्यावर ओरडणार आहे. पण भाज्यांची नावं घेऊन. तू फक्त हात स्टिअरिंगवर ठेवायचे. गाडी बंदच आहे, कुठे जात नाहीये."

आणि बंद गाडीत, कुजबुजत, पण डोळे वटारून, दात-ओठ खाऊन मावशी म्हणाली, "कोबी."

बेकरीवाली तिच्याकडे बघतच राहिली.

"गाजर! अगं कळतंय का तुला? गाजर!"

मी काउंटरवरून बघत होते. आधी तिचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतेय. नंतर कळलं की हसतेय. या बाईला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

रोज दुपारी हाच कार्यक्रम. मावशीचा डबा तसाच राहायचा. रोज आवाज थोडा वर, इतकाच की हात उठणार नाहीत. उठले तर मावशी चुपचाप एक पायरी खाली यायची. बंद गाडीनंतर चालू इंजिन, मग मोकळं मैदान, मग रस्ता. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे, एक बाई मांडी घालून दुसरीवर "मुळा, मेले, मुळा!" म्हणून किंचाळतेय आणि गाडी आपली सरळ रेषेत जातेय.

पण मावशीचा आवाज बाईचा. खरी अडचण पुरुषाच्या आवाजाची. म्हणून काकाला बोलावलं. काकाने आयुष्यात आवाज चढवलेला नाही. फोनवरसुद्धा कुजबुजतो, समोरचा आपोआप कुजबुजायला लागतो. बिचारा मागच्या सीटवर बसला, घसा साफ केला आणि म्हणाला, "वांगं... वांगं बरं का." मावशी म्हणाली, अहो, जीव ओतून! त्याने डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि "वांगं!" असं काही ओरडला की स्वतःच दचकला आणि लगेच बेकरीवालीला म्हणाला, "लागलं नाही ना?" ती इतकी हसली की गाडी बाजूला घ्यावी लागली. पण तिने ती बाजूला घेतली, आरशात बघून, दिवा देऊन, नीट.

सगळं सुरळीत चाललं असं मात्र नाही. चार दिवस छान गेले आणि पाचव्या दिवशी ती आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. घरी रात्रभर तमाशा झाला होता. त्या दिवशी मावशीच्या कुजबुजलेल्या कोबीनेही हात वर गेले. सगळं मुसळ केरात. बेकरीवाली म्हणाली, "मावशी, सोडा माझा नाद. तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे गेली तर," मावशी म्हणाली. "ऐक, जुनं जात नाही. ते आत बसलेलंच राहणार. आपण त्याच्यावर नवं चढवतोय, आणि नवं एका दिवसात पक्कं होत नाही. चल, पुन्हा पहिल्यापासून. गाडी बंद. कोबी."

मला तेव्हा मावशीचा अभिमान वाटला, आणि त्या न पाहिलेल्या नवऱ्याचा इतका राग आला की एका गिऱ्हाइकाला मी उगाचच फैलावर घेतलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मावशी मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. "मास्तर, आज तुम्ही ओरडायचं."

"मी? भाज्या?" मास्तर भडकले. "माझी काही इज्जत आहे की नाही?"

"तुमच्याइतका आवाज गावात कुणाला नाही म्हणून आले. नसेल जमत तर राहू दे."

आता मास्तरांना काही जमत नाही असं म्हणण्याची सोय नाही. बसले गाडीत. मावशी मागे, आणि मीही शटर ओढून घुसले, कारण हे चुकवणं शक्यच नव्हतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मास्तरांनी इकडे-तिकडे बघून घेतलं, ओळखीचं कुणी नाही याची खात्री केली आणि गर्जले, "दुधी भोपळा!"

काचा हादरल्या. बेकरीवालीचे हात जागच्या जागी. वर ती हसली.

हे हसणं मास्तरांना लागलं. आयुष्यभर त्यांच्या ओरडण्यावर कुणी हसलं नव्हतं. त्यांचा चेहरा बदलला आणि भाज्या विसरून, खराखुरा, पोटातून ओरडा बाहेर पडला, "हसता काय! अक्कल आहे का? समोर बघा!"

हात उठले. मी पाहिलं, डावा खांद्यापर्यंत आला. गाडी डगमगली. समोर बस होती. मास्तरांचा पाय सवयीने ब्रेककडे गेला.

"पाय काढा!" मावशी मागून ओरडली. मावशीला खरंखुरं ओरडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "मास्तर, पाय काढा म्हणते ना! तिचा ब्रेक तिला दाबू दे!"

आणि मास्तरांनी पाय काढला. का काढला देव जाणे. बहुतेक त्यांच्यावरही कधी कुणी ओरडलं नव्हतं. खांद्यापर्यंत आलेला बेकरीवालीचा हात तिथेच क्षणभर थांबला, कुठे जावं ते न कळल्यासारखा, आणि मग खाली स्टिअरिंगवर आला. तिने ब्रेक दाबला. बसच्या मागे, बऱ्यापैकी अंतर ठेवून, आम्ही थांबलो. मग ती म्हणाली, त्या बारीक आवाजात, पण मास्तरांकडे बघून, "मला ऐकू येतं. ओरडायची गरज नाही."

मास्तर परत येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कुंपणाला मावशी, मी आणि दुकान बंद करून आलेला काका. साहेब नेहमीसारखेच ओरडत होते. "डावीकडे! उलटी घ्या! थांबा!" दर ओरड्याला माझेच हात कुंपणावरून उठत होते. मावशी जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी होती, ओठ हलत होते. देवाचं नाव घेतेय की भाज्यांचं, मी विचारलं नाही. गाडी गेली, वळली, उलटी आली, दोन खांबांच्या मधोमध उभी राहिली. साहेबांनी कागदावर सही केली आणि निकालही ओरडूनच सांगितला, "पास!" ते मैदानभर ऐकू गेलं. काका रडला. मावशीने त्याला रुमाल दिला आणि मग स्वतः रडायचं म्हणून परत मागून घेतला.

पट्टी मास्तरांनी शब्दाप्रमाणे टेबलावर ठेवली. ओरडणं बंद झालं असं म्हणणार नाही, एवढा चमत्कार कुठला व्हायला. पण ओरडून झालं की आता ते शिकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतात. आधी बघायचे नाहीत.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं वाटलं असतं. पण महिन्याच्या पहिल्या सकाळी मावशी म्हणाली, तिची पहिली फेरी आहे, जाऊन येऊ. आम्ही गेलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. बेकरीच्या दारात व्हॅन उभी, मागे पावाच्या लाद्या भरलेल्या, रस्ताभर वास. माडीवरच्या खोलीच्या खिडकीत दोन लहान फ्रॉक वाळत घातलेले. बेकरीवाली स्टिअरिंगवर आणि तिची मुलगी शेजारच्या सीटवर, कारण शाळेची वेळ होईपर्यंत तिला आईबरोबरच फिरायचं होतं. मावशीला बघून बेकरीवालीने काच खाली केली. ती काही बोलणार एवढ्यात तो आला.

साधासा माणूस होता. मला वाटलं होतं राक्षस असेल. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. व्हॅनच्या समोर येऊन उभा राहिला, बॉनेटवर हात ठेवला आणि ओरडायला लागला. काय ओरडला ते लिहिण्यासारखं नाही. उतर, हा शब्द मात्र पुन्हा पुन्हा होता.

मावशी पुढे निघाली होती. मी तिचा दंड धरला, का ते मलाही सांगता येणार नाही. आम्ही दोघी बेकरीवालीच्या हातांकडे बघत होतो. ते हलले नाहीत. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

आणि मग शेजारच्या सीटवर आमची नजर गेली. त्या सहा वर्षांच्या पोरीने मान खाली घातली होती. कोपरं पुढे, दोन्ही हात डोक्यावर. अगदी आईसारखे. तिला कुणी हातही लावला नव्हता कधी, आईने नंतर शपथेवर सांगितलं. नुसतं बघून शिकली होती.

बेकरीवालीने ते पाहिलं. तिने गाडी सुरू केली नाही, खिडकीबाहेर तोंड काढून त्याला काही सुनावलंही नाही. तिने मुलीकडे वळून तिचा एक हात डोक्यावरून खाली घेतला, मग दुसरा. दोन्ही हात स्टिअरिंगच्या मधोमध आणून ठेवले आणि म्हणाली, "दाब."

पोरीने आईकडे बघितलं. मग काचेतून बापाकडे. मग दाबला.

व्हॅनचा हॉर्न एवढा दणदणीत असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. बॉनेटवर हात ठेवलेला तो माणूस दचकला, त्याचा हात आपोआप वर गेला आणि तो एक पाऊल मागे सरकला. त्याचं ओरडणं मधेच तुटलं.

पोरीने ते नीट पाहिलं. मग, आईने सांगायची वाट न बघता, तिने पुन्हा दाबला.